पूजेत ठेवलेली पिन

२८ सप्टें., रवि.

सकाळी नऊलाच विन्या जीप घेऊन हजर. तासगावहून पहाटे निघाला म्हणे. पुढच्या दोन्ही चाकांचे टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगला चाकाशी जोडणारे सांधे, बाद झालेत. स्टेअरिंग फिरवलं की चाक विचार करून वळतंय.

"दादा, दिवाळीच्या पाडव्याला पोरास्नी घिऊन पाचगणीला जायाचं हाय. घाटाची वाट. म्हटलं तुमच्याच हातनं करून घ्यावं."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

घरामागच्या शेडमध्ये घेतली गाडी. ऑफिस सुटलं की हाच माझा छंद. जीपवाल्या ग्रुपातले आणखी दोघंतिघं टवाळीला जमलेच. विन्याला आम्ही 'ठिबक' म्हणतो. मागच्या वर्षी घरीच गिअर ऑइल बदललं, खालचा बोल्ट हातानं लावला आणि पाना मारायचा विसरला. तासगावपासून सांगलीपर्यंत रस्त्यावर थेंब. द्राक्षबागायतदार माणूस, दुसरं नाव काय ठेवणार? नाव मीच ठेवलं. फोनमध्येही तेच सेव्ह आहे.

दोन्ही एंड नवे. नट मी आवळले. उजवीकडची पिन मी घातली. डावीकडची मी घालतो म्हणाला. नट सुटू नये म्हणून त्याच्या खाचेतनं पिन आरपार घालायची आणि तिचे पाय दुमडायचे, एवढंच काम. सगळे बघतायत म्हटल्यावर तेवढ्यालाही गड्याला खाच सापडेना. मी हातातली काढून घेतली. "दे हिकडं ठिबक, न्हाईतर हितंबी गळती लावशील." सगळे हसले. तेवढ्यात आमची ही, सुनंदा, चहा घेऊन आली. तिच्यासमोर तर आणखीच लाल झाला.

चाकं चढवली, चाचणी घेतली. स्टेअरिंग एका बोटावर. दुपारी जेवून गेला. मजा आली आज.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

आज बापूंची जीप. तेच काम. बापू म्हणजे फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर, मेढ्याला राहतात. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. एक दिवसाआड वर पाचगणीला स्ट्रॉबेरीची रोपं पोचवतात. लेक तिथंच शाळेत शिकवते. नातीला शनिवारी खाली आणायचं, सोमवारी वर सोडायचं, हा नेम.

आज काम करायला नकोच होतं. पण बापूंना नाही म्हणवत नाही. सुनंदानं सकाळीच बजावलं, "अकराच्या आत सगळे पाने पुसून माझ्या हातात पाहिजेत." एकदा पूजेला ठेवलं की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे वडिलांपासून चालत आलंय. शेवटच्या नटाची खाच आणि भोक जुळता जुळेना. इकडं बापूंचं घड्याळाकडं लक्ष, त्यांना मेढ्याला जाऊन स्वतःची पूजा करायची. ही दारात ताट घेऊन उभी. जुळलं एकदाचं. पावणेअकराला पाने पुसून दिले.

बापू निघताना म्हणाले, "तू हात लावलास न्हवं, मग मी खाली वाकून बघत न्हाई."

पूजा छान मांडली हिनं. पाने, हातोडी, जॅक, ग्रीसगन, सगळ्यांना हळद-कुंकू.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

ग्रुपवर सगळ्यांच्या गाड्यांचे फोटो. विन्यानं बागेत जीप उभी करून पाठवला. झेंडूचं तोरण, टपावर ऊस, पोरगी बॉनेटवर बसलेली. खाली लिहिलं, 'पाडव्याला पाचगणी.'

मला राहवलं नाही. लिहिलं, 'मागच्या चाकाचा नट ढिला दिसतोय रे. बघ आधी, मग निघ.'

पाच मिनिटांनी त्याच्या भावानं फोटो टाकला. नवा पांढरा शर्ट घालून विन्या चिखलात आडवा, मुंडकं गाडीखाली. मी लिहिलं, 'गंमत केली. ठिबकला घाट झेपणार का ते बघत होतो.' हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

संध्याकाळी बघितलं तर विन्या ग्रुपमधून बाहेर. मला ब्लॉकपण केलंय. एवढं काय मनाला लावून घ्यायचं.

३ ऑक्टो., शुक्र.

पूजा उतरवायला घेतली. पाने पुसून डब्यात ठेवत होतो. ताटाच्या कडेला, ग्रीसगनच्या मागं, एक स्प्लिट पिन. नवी कोरी. पाय सरळ, अजून दुमडलेले नाहीत. अंगाला थोडं ग्रीस, त्यावर कुंकू चिकटलेलं.



पिना डब्यात सुट्याच पडलेल्या असतात, त्यातली एखादी सांडली असेल. पण सांडलेल्या पिनेला ग्रीस लागत नाही. ही नटापर्यंत जाऊन परत आली आहे.

परवाचं बापूंच्या गाडीचं ते न जुळणारं भोक. जुळल्यावर मी पिन घातली का? पाना बाजूला ठेवला, हात पुसले, हे आठवतं. सुनंदाचं "झालं का?" आठवतं. पिन आठवत नाही.

सुनंदाला विचारावं म्हटलं, ही पिन पूजेत कुठून आली. मग तिनं विचारलं असतं, का? नाही विचारलं. पिन रुमालात गुंडाळून खिशात.

४ ऑक्टो., शनि.

सकाळी बापूंना फोन केला. सांगायलाच केला होता.

"गड्या, काय स्टेअरिंग झालंय. लोणी रं लोणी. काल दोन फेऱ्या मारल्या वर. आज नातीला आणायला चाललोय."

मी म्हटलं, "जपून जावा बापू."

"का रं?"

"न्हाई, पाऊस हाय वर."

हलकं का झालं ते मला माहीत आहे. पिन नसली की नट रोज केसभर सुटतो. कधी महिना जातो, कधी दोन. आधी स्टेअरिंग हलकं लागतं, मग टकटक येते. मग एखाद्या वळणाला स्टेअरिंग एकीकडं आणि चाक दुसरीकडं. हे मीच ग्रुपवर लोकांना शिकवत असतो, फोटोवर लाल गोल काढून.

संध्याकाळी सहाला परत फोन. पोचलेत. नात मागनं ओरडत होती, आजोबा हॉर्न वाजवू देत नाहीत म्हणून.

६ ऑक्टो., सोम.

आज बापूंची नात वर गेली असणार. ऑफिसात फायलीचं एक पान तीनदा वाचलं. साडेदहाला बापूंना नुसतं गुड मॉर्निंग टाकलं. दोन निळ्या खुणा बारा वाजता आल्या. 

सांगून टाकावं. काय होईल? म्हणतील, चुकतं माणसाचं. पण मग ग्रुपवर कळणार. वर्षभर एका माणसाला बोल्ट विसरला म्हणून नाव ठेवलं मी. मला काय नाव ठेवतील? एवढ्यासाठी गप्प आहे, दुसरं काही कारण नाही. लिहिताना लाज वाटते, पण हेच आहे.

८ ऑक्टो., बुध.

काहीतरी निमित्त काढून मेढ्याला जायचं, गाडीखाली एकदा बॅटरी मारायची, पिन घालायची, कुणाला कळायचं कारण नाही. ऑफिसातनं दुपारी सुटलो आणि गेलो. बापू वर गेलेले. काकींनी चहा दिला. "आज काय काम काढलंस बाबा?" म्हटलं, इकडनंच चाललो होतो. मेढ्याकडनं कुठं चाललो असेन मी?

पाचपर्यंत थांबलो. रस्त्यावर जीपचा आवाज आला की उठायचो. आले नाहीत, वर मुक्काम म्हणून फोन आला काकींना. परत येताना माझ्याच गाडीत टकटक ऐकू येत होती. उतरून बघितलं, काही नाही. दोन्ही पिना जागेवर. तरी परत ऐकू येतेच.

सुनंदा विचारतेय, "आवं, जेवत का न्हाई? ऑफिसात काय झालंय का?" नाही म्हटलं.

१० ऑक्टो., शुक्र.

उद्या शनिवार. उद्या ती पोरगी परत त्या सीटवर.

११ ऑक्टो., शनि.

उजाडतानाच निघालो. बापू अंगणात रोपांच्या पेट्या चढवत होते. उभ्या उभ्याच सांगितलं सगळं. पिन काढून हातावर ठेवली. कुंकू अजून होतं.

बापूंनी ती उलटीपालटी करून बघितली. पोतं अंथरलं आणि म्हणाले, "ये, झोप खाली."

दोघं गाडीखाली. त्यांनी बॅटरी मारली. उजवीकडं पिन. डावीकडं पिन. दोन्हीचे पाय नीट दुमडलेले, माझ्याच पद्धतीनं, एक वर एक खाली.

घातली होती मी. घातली होती.

मला हसूच आवरेना. बापू हसले नाहीत. कपडे झटकत म्हणाले, "रोज सकाळी बघतो मी. फौजेत गाडीखाली झोपल्याबिगर चावी मिळत नव्हती."

"तुमी तर म्हणाला होता, वाकून बघत न्हाई."

"तसं म्हणायचं असतं रं. काम करणाऱ्याला बरं वाटतं."

मग म्हणाले, "ही पिन तुला घावली कवा?"

"तीन तारखेला."

बोटांवर मोजलं त्यांनी. "आठ दिवस. मागल्या शनिवारी ती माझ्यासंगं हुती." एवढंच बोलले आणि पेट्या चढवायला लागले. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, राहू दे.

काकींनी जेवायला वाढलं. ताटावर बसलो दोघं, बापू पटापट उरकून उठले.

१२ ऑक्टो., रवि.

आठ दिवसांनी नीट झोपलो. बापूंचा राग जाईल, दिवाळीला फराळ घेऊन जाऊ. पिन डब्यातली सुटीच होती म्हणायची. ग्रीसच्या हातानं डबा उघडतो मी, लागलं असेल ग्रीस. विषय संपला.

डब्यात टाकायला गेलो आणि टाकली नाही. का कोण जाणे. कपाटाच्या कप्प्यात ठेवलीय.

१७ ऑक्टो., शुक्र.

ग्रुपवर कुणीतरी विन्याच्या भावाचा व्हिडिओ फिरवला. तासगावकडं फळछाटणी जोरात. विन्याची जीप बागेच्या बांधावर, छाटणीच्या बाया उतरतायत. सात, आठ, नऊ मोजल्या. दोन दारातच उभ्या होत्या.

परत परत बघतोय. थांबताना जीप जरा डावीकडं ओढतेय का? रस्त्याचा उतार असेल. विन्याचं काम निवांत झालं होतं, रविवार होता, घाई नव्हती. चूक घाईत होते.

व्हिडिओ पुसून टाकला.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन



सुनंदा पूजेची मांडामांड करत होती. कपाटातनं वही काढताना तो रुमाल तिच्या हाताला लागला. "अय्या, ही पिन अजून तुमच्याकडंच? मीच ठेवली हुती की नवमीला पूजेत. लोखंडाची हाय, म्हटलं तिलाबी लावावं कुंकू."

म्हटलं, "तुला कुठं सापडली? बापूंच्या गाडीखाली?"

"न्हाई वो. त्याच्या आधी. ते तासगावचे भाऊजी आले होते न्हवं, ते गेल्यावर शेड झाडली, तवा घावली. चहाच्या कपाजवळ पडली हुती. कोनाड्यात ठिवली, तुम्हाला सांगायची राहिली."

चहाच्या कपाजवळ.

त्याच्या हातात होती. तो घालत होता. मी काढून घेतली, सगळ्यांना हसवलं, कप हातात घेतला आणि पिन खाली ठेवली. मग चाक चढवलं.

एकदा विचारलं असतं हिला. एकच प्रश्न. अठरा दिवस ही समोर वावरतेय आणि मी रुमालात गुंडाळून फिरतोय.

तेवीस दिवस झाले. रोज आठ-नऊ बाया. बांधावरचे खड्डे. उद्या पाडवा.

सुनंदाच्या फोनवरनं लावला. उचलला. "वैनी, बोला की."

"विनायक, मी प्रकाशदादा. ऐक, तुझ्या डाव्या चाकाच्या…"

"आता पुढच्या चाकाचा नट का दादा?" असं म्हणून ठेवला. परत लावला, उचलला नाही. मग तोही नंबर बंद. त्याच्या भावाला लावला, त्यानंही कापला.

दसऱ्याला मागचं चाक म्हणालो मी. पुढचं म्हणालो असतो तर त्याच दिवशी गाडीखाली घुसला होता तो. बघितलं असतं.

बापूंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, चिडले नाहीत, ते जास्त लागलं. अर्ध्या तासानं त्यांचा परत फोन. "बोललो मी. म्हणतोय, बापू तुमास्नीबी त्येनं सामील करून घेतलं का? पाचगणीत मला बघायचं न्हाई त्येला. मी शपथ घातली तर म्हणाला, बघतो सकाळी. पर आवाजावरनं बघंल असं वाटत न्हाई."

गाडी काढायला निघालो. सुनंदा म्हणाली, दिवे लागायच्या वेळी घरातनं जाऊ नका, पहाटे जावा, पाडव्याच्या दिवशी पोराबाळांचं आंघोळ-पाणी उरकून कोण आठाच्या आत निघतंय. पटलं. उद्या चारला निघतो, सातच्या आत तासगाव.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा

विन्याच्या घरी, तासगाव. ओट्यावर बसून लिहितोय. दहा वाजून पाच मिनिटं.

चारला निघालो खरा. कराडच्या पुढं माझाच टायर बसला, स्टेपनीत हवा नाही. दुसऱ्यांच्या गाडीवर लाल गोल काढणारा मी. दीड तास तिथं गेला. इथं पोचायला साडेआठ वाजले. अंगणात जीप नव्हती. जिथं उभी असते तिथं चाकांचे पट्टे आणि झेंडूच्या पाकळ्या.

विन्याची आई बाहेर आली. मला ओळखलं त्यांनी. "आवं परकासदादा, आज सणाचं? विनू तर चारलाच गेला की. बायकू, दोन पोरं. म्हणाला, ऊन व्हायच्या आत घाट चढायचा."

चारला. म्हणजे हायवेवर समोरनं गेले असणार ते, दुभाजकाच्या पलीकडनं. मी पंक्चर काढत असताना.

विचारलं, "निघताना गाडीखाली वाकून बघितलं का त्यानं?"

"न्हाई बा. गडबडीत हुता. नवा शर्ट घातला हुता." मग स्वतःच म्हणाल्या, "मला आधी भ्या वाटत हुतं, घाटाचं नाव काढलं की. पर त्यो म्हणाला, आई, दादांच्या हातचं काम हाय. मग म्हटलं जा."

भांडण झालं, ब्लॉक केलं, तरी आईला असं सांगून गेला.

चकली, शंकरपाळे आणून ठेवलेत पुढं. खा म्हणतायत. एक चकली मोडून तशीच ठेवलीय. यांना सांगू की नको? सांगून या काय करणार इथं बसून? पण मागच्या वेळी असंच म्हणत मी आठ दिवस काढले.

बापू सहापासून वाईला घाटाच्या पायथ्याशी रस्त्यावर उभे आहेत. नऊला मेसेज, 'अजून नाही.' साडेनऊला, 'हिरव्या तीन जीपा गेल्या, त्याची नाही. मेढ्याकडनं गेला काय?' मेढ्याच्या वाटेला कुणीच नाही. पावणेदहाला, 'मी वर निघतो बघत.' त्यानंतर काही नाही. वर रेंज जाते. कुठवर पोचला विचारतो म्हणून विन्याच्या आईच्या फोनवरनंही त्याला लावून बघितलं, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'.

चारला निघालेला माणूस आठापर्यंत घाटात शिरायला पाहिजे.

पिन खिशात आहे. कुंकू पुसलं गेलंय, ग्रीस तेवढं राहिलंय.

सांगतोय मी त्यांना. बोलावलंय, "मावशी, जरा बसा हितं." हात पुसत येतायत.

फोन वाजतोय. स्क्रीनवर 'ठिबक'. ते नाव अजून तसंच आहे.

तीन आठवड्यांत त्याच्या नंबरवरनं पहिला फोन. मावशी विचारतायत, "विनूचा हाय का?"

नंबर त्याचाच आहे. उचलतो.